आजीच्या पैठणीचा भाव

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली एक साडी असते. उघडून पाहावी तर काठाला अजून झळाळी, पण घडी मोडताना टर्रकन आवाज होतो आणि घरातली सगळी माणसे एकदम गप्प होतात. मग कोणीतरी तो प्रश्न विचारतेच, ‘‘आता हिचे किती येतील हो?’’

या एका प्रश्नाला निदान चार उत्तरे आहेत आणि चारही खरी आहेत. बहुतेक घरांत मात्र पहिलेच उत्तर ऐकून साडी विकली जाते, आणि ते बहुधा सगळ्यांत लहान असते.

पुण्यातल्या एका पेठेत जुन्या साड्यांचे एक छोटेसे दुकान आहे. पाटीवर हल्लीच्या पद्धतीने ‘व्हिंटेज’ असे लिहिलेले असले, तरी गिऱ्हाइके त्याला ‘जुन्या साड्यांच्या बाईंचं दुकान’ म्हणूनच ओळखतात. या बाई आधी संग्राहक, मग दुकानदार. लग्नानंतर सासूबाईंची एक चंद्रकळा सांभाळता सांभाळता त्यांना नाद लागला. बोहारणीशी ओळख काढून तिच्या गाठोड्यातून इरकली, महेश्वरी, चंदेरी निवडून घेणे सुरू झाले. कपाटे भरली, तेव्हा घरच्यांनी विचारले, ‘‘आता राहायचं कुठं, साड्यांत की घरात?’’ त्यातून दुकान निघाले. दुकानामागच्या खोलीत एक कपाट अजूनही आहे, त्यातले काहीही विकायचे नसते.

२०२४ ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. तीन बहिणी दुकानात आल्या. थोरली इंदूरची, धाकटी बडोद्याची आणि मधली इथलीच. आई वर्षापूर्वी गेली होती. भांडीकुंडी, दागिने यांच्या वाटण्या न भांडता झाल्या होत्या. अडले होते ते आजीच्या पैठणीवर. साडी एक आणि वाटेकरी तीन.

थोरलीचे म्हणणे, विकावी आणि पैसे सारखे वाटून घ्यावेत. धाकटीचे म्हणणे, काठपदर कापून तिघींनी तीन तुकडे घ्यावेत, म्हणजे प्रत्येकीच्या सुनेला काहीतरी मिळेल. मधली काहीच बोलत नव्हती. आईचे शेवटचे आजारपण तिनेच काढले होते आणि ट्रंकही तिच्याच माळ्यावर होती.

दुकानात येण्याआधी त्या जुनी जर विकत घेणाऱ्याकडे जाऊन आल्या होत्या. त्याने १४ हजार सांगितले होते.

‘‘त्यानं फसवलं का हो?’’ थोरलीने विचारले.

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘त्याच्या हिशेबानं बरोबर सांगितलंय.’’

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. अस्सल जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळायची आणि तिला वरून सोन्याचा मुलामा द्यायचा. जरीवाल्याला साडी दिसतच नाही, त्याला दिसते ती चांदी. तो काठ आणि पदर कापून घेतो, जाळतो आणि राहिलेल्यातून चांदी आटवून काढतो. त्या दिवाळीत चांदी किलोला लाखाच्या घरात गेली होती. या साडीत १८० ग्रॅमच्या आसपास चांदी निघेल असा त्याचा अंदाज. तिचे झाले १८ हजार. त्यातून घट, मजुरी आणि त्याचा नफा वजा करून १४ हजार. बाकीचे सात वार रेशीम त्याच्या लेखी फुकट. सोनाराकडे मोडीचा भाव असतो, तसाच हा साडीचा मोडीचा भाव.

हा भाव अधूनमधून फार चढतो, आणि जुन्या साड्यांना खरा धोका तेव्हाच असतो. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली होती. २०२५ साली तिने तोही आकडा ओलांडला. चांदी अशी चढते तेव्हा ट्रंकेतली साडी घरच्यांना साडी वाटेनाशी होते. जरीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो कोणाच्या घरात शिरून काही नेत नाही.

बाईंनी मेजावर स्वच्छ पांढरी चादर अंथरली, हात धुऊन पुसले, अंगठ्या काढून ठेवल्या आणि पैठणी उलगडली. गडद जांभळ्या अंगाची नऊवारी, नारळी काठ आणि जरीच्या जमिनीवर रेशमी आसावलीचा पदर.

सगळ्यांत आधी त्यांनी पदर उलटा करून पाहिला. हातमागाच्या खऱ्या पैठणीत वेलबुट्टीचा प्रत्येक रंग विणकर वेगवेगळ्या काडीवरच्या धाग्याने तेवढ्याच जागेत विणतो आणि शेजारच्या रंगात अडकवतो, म्हणून पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो. मागच्या बाजूला लोंबते किंवा कापलेले धागे असतील, तर काम यंत्रमागाचे समजावे. या पदराची उलट बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ होती.

मग जर. काठाच्या टोकाला निसटलेला केसाएवढा धागा त्यांनी भिंगाखाली धरून नखाने सोलला. आतून रेशीम निघाले. नकली जरीत चांदीऐवजी तांबे असते, आणि अलीकडच्या स्वस्त जरीत तर चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी. ती दिव्याच्या ज्योतीवर धरली की वितळून गोळा होतो.

तिसरी तपासणी अशी, की ती करायची असते हेच पुष्कळांना माहीत नसते. पदर आणि अंग जिथे मिळतात, तिथून बाईंनी बोट फिरवत नेले. दुकानाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक पैठणी चढ्या भावाने घेतली होती. घरी नेऊन दिव्याखाली धरली, तेव्हा पदर एका साडीचा आणि अंग दुसऱ्या साडीचे निघाले. मध्ये इतकी बारीक शिवण, की बाजारातल्या घाईत ती दिसलीच नव्हती. जीर्ण साडीचा पदर नव्या कापडावर चढवणे ही जुनी रीत आहे, त्यात फसवणूक नसते. पण विकताना ते सांगायला हवे. ती साडी बाईंनी सांगून सवरून निम्म्या किमतीला विकली आणि बोट फिरवायची सवय लावून घेतली.

‘‘पेशव्यांच्या काळातली आहे ना?’’ धाकटीने विचारले. ‘‘आई तसंच सांगायची.’’

दर तिसऱ्या घरची पैठणी पेशव्यांच्या काळातली असते. पेशवाई १८१८ साली संपली. कारखान्यात तयार झालेला पहिला रासायनिक रंग, तोही जांभळाच, इंग्लंडात विल्यम पर्किनला सापडला तो १८५६ साली, आणि मग हळूहळू असे रंग आपल्याकडच्या विणकरांच्या हातात आले. या साडीचा जांभळा तसल्याच रंगातला दिसत होता. बाईंनी हे सांगितले, पण आईला खोटे पाडले नाही. ‘‘तुमच्या आजेसासूंच्या, पणजीच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील. दुसरा काही पुरावा आहे का?’’

धाकटीच्या पर्समध्ये फोटो होता. आजीच्या लग्नातला, मागे शाईने १९३४ लिहिलेला. रंग कळत नव्हता, पण खांद्यावरून पुढे आलेला पदर आणि त्यातली आसावलीची वेल चक्क ओळखू येत होती. बाईंनी वहीत लिहिले, ‘१९३४ किंवा त्याआधीची.’ एवढ्या एका फोटोने साडीची किंमत पाच हजारांनी वाढते, पण फोटोची चांगली प्रत साडीबरोबर द्यायची तयारी असेल तरच. ‘आमच्याकडे फोटो होता, पण आता सापडत नाही’ या वाक्याला बाजारात काही किंमत नाही.

‘‘माझा भाचा अमेरिकेत असतो,’’ थोरली म्हणाली. ‘‘तिकडे म्हणे दुप्पट मिळतात.’’

इथे बाईंनी हात वर करून थांबवले. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा देशातल्या देशात व्यापार करायलाही परवाना लागतो. फोटो १९३४ चा असला, तरी साडी त्याआधी किती वर्षे विणली होती कोण जाणे! अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळाल्याशिवाय ती भाच्याच्या बॅगेत घालू नये. दुप्पट पैशांच्या आशेने विमानतळावर साडीही जायची आणि भाचाही अडकायचा.

आता दोष. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले की तिथेच चिरते. पदरावर घडीच्या दोन रेघा फाटल्या होत्या आणि एका ठिकाणी दोन बोटे रुंद तुकडा नाहीसा होता. अंगावर टाचणीचा गंजलेला डाग होता. जर मात्र उत्तम. थोडी काळवंडली होती, पण काळवंडलेल्या जरीने किंमत फारशी उतरत नाही. ती घासून चकचकीत करायला गेले की उतरते. विकायला नेण्याआधी साडी धुऊन, इस्त्री करून नेणाऱ्या पुष्कळ असतात. त्या बिचाऱ्या चांगल्या मनाने करतात, आणि उरलेसुरले रेशीम इस्त्रीखाली जाते.

बाईंनी एका कागदावर आकडे लिहायला घेतले.

पहिला आकडा जरीवाल्याचा, १४ हजार.

दुसरा आकडा दुकानात लावायच्या किमतीचा. तो काही मनाला येईल तसा ठरत नाही. बाईंच्या वहीत आजवर विकलेल्या प्रत्येक साडीची नोंद आहे, घेतली कितीला, विकली कितीला आणि मधे किती महिने गेले. मागितलेली किंमत त्या लिहीतच नाहीत, मिळालेलीच लिहितात. दुसऱ्या दुकानाच्या काचेत दीड लाखाची चिठ्ठी पाहून आलेल्या लोकांना त्या एकच विचारतात, ‘‘ती विकली गेली का?’’ वहीप्रमाणे अशी धडधाकट पैठणी ९० हजारांना गेली असती. नव्या हातमागाच्या भरघोस पदराच्या पैठणीला लाखभर मोजणारे असतात, मग जुनीला जास्त का नाही, असे वाटेल. पण नवी नेसता येते. जुनी नऊवारी फार तर एका मंगळागौरीला नेसायची, तीही जीव मुठीत धरून. दोषांचे ३५ हजार गेले, फोटोचे पाच मिळाले. विक्रीची किंमत ६० हजार.

तिसरा आकडा दुकान रोख काय देईल त्याचा. बाईंनी २७ हजार लिहिले.

‘‘म्हणजे निम्म्याहून कमी!’’ धाकटी म्हणाली. आवाजात राग होता आणि तो स्वाभाविक होता.

बाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. ६० मधून २७ गेले, राहिले ३३. सहा हजार रफूगराचे. पाच हजार घासाघिशीत जाणार, कारण साठ म्हटल्यावर साठच देणारे गिऱ्हाईक अजून जन्माला यायचे आहे. उरलेल्या २२ मधून जागेचे भाडे, मुलीचा पगार, कर मिळून बारा जातात. राहिलेले दहा हजार मिळायला वर्ष-दीड वर्ष वाट पाहावी लागते, आणि कसर लागली तर तेही नाहीत. या धंद्यात विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांश ते निम्मे एवढेच रोख दिले जाते. त्याहून जास्त देणारा दुकानदार एक तर नवा असतो, नाही तर त्याला साडीत काहीतरी दिसलेले असते जे तो तुम्हाला सांगत नाही.

घाई नसेल तर दुसरी वाट आहे. साडी दुकानात विकायला ठेवायची; विकली गेली की दुकान एक तृतीयांश ठेवणार, रफूही त्यातच. म्हणजे घरी ४० हजार येतील, पण केव्हा ते सांगता येत नाही.

‘‘आणि चौथा आकडा?’’ मधलीने विचारले. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली.

‘‘तो तुमच्यापैकी कोणी ठेवून घेणार असेल तर,’’ बाई म्हणाल्या.

घरातल्या वाटणीत इथेच चूक होते. ठेवणारी मोडीचा भाव धरते, इतरजणी दुकानातला विक्रीचा भाव धरतात आणि मग वर्षानुवर्षे अबोला. बाईंचा हिशेब असा, की साडी बाहेर विकली असती तर घरात जे आले असते तेवढेच घरात वाटायचे. घाई नसल्यामुळे ४० हजार धरावेत; म्हणजे वाटा १३ हजार ३३३ चा. ठेवणाऱ्या बहिणीने आपला वाटा सोडून इतर दोघींना तेवढे द्यायचे. सेवा कोणी केली, आईने तोंडी कोणाला काय म्हटले होते, हे यात येत नाही. ते हवे तर बहिणींनी आपसांत ठरवावे, पण पैठणीच्या भावात मिसळू नये.

तीन तुकड्यांचे काय, हे धाकटीला अजून जाणून घ्यायचे होते. पूर्वी जीर्ण पैठणीचे बाळासाठी कुंची-झबले होई, देवाचे आसन होई; त्यात वाईट काही नव्हते, कारण साडी संपलेली असे. ही संपलेली नव्हती. कापली तर तिन्ही तुकडे मिळून जरीवाल्याच्या आकड्याच्या फार पुढे जाणार नाहीत, एवढे बाईंनी सांगितले.

मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. एव्हाना साडीवरून त्यांचे दोन-तीनदा हात फिरवून झाले होते. संग्राहकाने दुकान काढले की ही वेळ रोज येते. जे आवडते त्याला कमी भाव सांगायचा मोह होतो, कारण समोरच्याला कळत नसते. आणि तेच विकायचे झाले की भाव उगाच चढवून ठेवला जातो, म्हणजे ते विकले जाऊ नये.

‘‘एक सांगायला हवं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ही मला दुकानासाठी नकोय, माझ्या कपाटासाठी हवी आहे. अशी आसावली माझ्याकडे नाही. म्हणून माझ्या एकटीच्या आकड्यावर जाऊ नका. आणखी कुठं तरी विचारा. आणि मी माझ्यासाठी घेतली तर २७ देणार नाही, ४० देईन. दुकानाचा खर्च मी माझ्याच हौसेकडून कसा वसूल करणार?’’

थोरलीने चष्मा काढून पुसला. ‘‘बाई, तुम्ही असा धंदा केलात तर दुकान चालतं कसं?’’

‘‘चालतं कुठं, रांगतं,’’ बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिघी हसल्या.

बहिणींनी खरोखरच दुसरीकडे विचारले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले. त्याने रोख ३० हजार सांगितले, साडी प्रत्यक्ष न पाहता. बाईंना ते कळवले तेव्हा त्या म्हणाल्या, रोखच हवे असतील तर त्याला द्या, माझ्यापेक्षा तीन हजार जास्त आहेत. मात्र पदराच्या चिरा आधी दाखवा, म्हणजे मागाहून वाद नको.

पंधरा दिवसांनी मधली एकटीच आली. पिशवीतून साडी काढून मेजावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘मीच ठेवतेय. एकदम पैसे नाहीत माझ्याकडे. दोघींना दर महिन्याला १ हजार ३३३ द्यायचे ठरलेत, दहा महिने. ताई म्हणाली, वरचे तीन रुपये सोडले.’’ मग जरा थांबून, ‘‘तुम्हाला हवी होती ना?’’

‘‘हवी होतीच,’’ बाई म्हणाल्या, आणि रफूचे पावतीपुस्तक पुढे ओढले.

रफूला सव्वा महिना लागला. हरवलेल्या तुकड्याच्या जागी नवी वेल विणायची नाही, मागून त्याच रंगाचे मऊ रेशमी अस्तर लावून फक्त कडा धरायच्या, असे बाईंनी रफूगराला बजावले होते. नवे काम जुन्यात बेमालूम मिसळले, की पुढे कोणालाच खरे-खोटे कळत नाही. गंजाचा डाग तसाच राहू दिला. साडी परत देताना त्यांनी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून दिली. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबराच्या गोळ्या जरीला लागता कामा नयेत, अत्तराचा फवारा तर मुळीच नको, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, असे सगळे कागदावर लिहून दिले. कागदाच्या मागच्या बाजूला ते चार आकडे आणि तारीख होती.

पुढच्या वर्षीच्या गणपतीत दहावा हप्ता इंदूरला आणि बडोद्याला पोचला. त्याच आठवड्यात मधलीचा दुकानात फोन आला. बहिणी घरी आल्या होत्या, साडी काढून दाखवली होती, आता परत ठेवायची होती. रफू केलेल्या जागेवर घडी आली तर चालेल का, एवढेच तिला विचारायचे होते.

‘‘तिथं घडी नको,’’ बाईंनी सांगितले. ‘‘जाड पुठ्ठ्याची नळी मिळते ना, कापडाच्या दुकानात? तिच्यावर मलमल गुंडाळा आणि पदर तिच्यावर गुंडाळून घ्या. सुलट बाजू बाहेर ठेवा.’’